कुंडावर

शिरूरला चहा घेत होतो तेव्हा फोन आला. दस्त आज होणार नाही, उद्या अकराला या. दादा नुसतं "बरं" म्हणाला, फोन खिशात ठेवला आणि बशीत उरलेला चहा संपवला.

पुण्याहून सकाळी सहाला निघालो होतो. वाघोलीची गर्दी लागायच्या आत बाहेर पडायचं हा दादाचा जुना शिरस्ता. रांजणगावला गाडीतूनच हात जोडले, कारण दहाच्या आत पारनेरला पोचायचं होतं. गावचं घर विकायचं होतं. वडील गेले त्याला तीन वर्षं झाली, आई त्याआधीच गेली. घराची भिंत दर पावसाळ्यात थोडी थोडी बसत चाललेली. आमच्यापैकी कुणी तिथे राहायला जाणार नाही हे दोघांनाही माहीत होतं, पण हे वाक्य आम्ही एकमेकांशी कधी बोललो नव्हतो. पुणे ते शिरूर दीड तास गाडीत बसून आम्ही बोललो ते टायरमधल्या हवेबद्दल आणि त्याच्या मुलीच्या परीक्षेबद्दल.

"मग आता?" मी विचारलं.

"आता काय. गावी जाऊन बसू. उद्या तिथूनच अकराला पोचू."

गावी जाऊन दिवसभर त्या घरात बसायचं, या कल्पनेनं माझ्या पोटात खड्डा पडला. रिकामी कपाटं, भिंतीवरचे फोटो काढल्यावर उरलेले चौकोन. समोर रस्त्याच्या पाटीवर निघोजचं नाव दिसत होतं. वीस-पंचवीस किलोमीटर. ही पाटी आम्ही आयुष्यभर बघत आलोय. आमचं गाव पारनेर तालुक्यातलंच, पण पार दुसऱ्या टोकाला, टाकळी ढोकेश्वरच्या अंगाला. तालुका एक असून निघोजचं कुंड आम्ही दोघांनीही पाहिलेलं नव्हतं. जाताना पोचायची घाई असायची, परतताना पुण्याची.

"दादा, कुंडावर जाऊ या?"

दादा वाट बदलणारा माणूस नाही. त्यानं सवयीनं घड्याळाकडे पाहिलं, पण आज घड्याळात बघण्यासारखं काही नव्हतं. "चल," म्हणाला, आणि शिरूर सोडल्यावर गाडी डावीकडे घातली.

*

हायवे सुटला की पाच मिनिटांत मुलूख बदलतो. माघ संपत आला होता. ज्वारी कणसांनी वाकलेली, मधे मधे कांद्याचे हिरवे वाफे, आणि त्यांच्या पलीकडे लगेच उघडा, करपट माळ. पाणी पोचलंय तिथे हिरवं आणि नाही तिथे काहीच नाही, अशी सरळ रेघ ओढलेली. आमच्या तालुक्याचं हेच रूप. सह्याद्रीनं अडवून धरलेल्या ढगांतलं उरलंसुरलं आमच्या वाट्याला येतं.

म्हणूनच कुकडी, जिच्या पात्रात हे कुंड आहे ती नदी, मला फार आवडते. ती उगवते जुन्नरच्या पश्चिमेला, पूर गावच्या कुकडेश्वरापाशी. तिथला पाऊस म्हणजे चार महिने धो धो. तिथून नाणेघाट जवळच. त्या घाटाच्या माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे, सातवाहनांच्या काळात घाट चढून आलेल्या व्यापाऱ्यांची जकात त्यात टाकत, असं सांगतात. गुहेच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचा. नदीच्या उगमाजवळ माणसानं कोरलेला रांजण, आणि तीच नदी खाली आमच्या कोरड्या मुलखात उतरल्यावर तिनं स्वतः कोरलेले रांजण. हे मला त्या दिवशी गाडीत पहिल्यांदा सुचलं आणि मी ते दादाला सांगितलंही. तो म्हणाला, "नाणेघाटातला रांजण मी पाहिलाय. कॉलेजच्या ट्रेकला. आत उतरलो होतो."

"कशाला?"

"सवय," तो म्हणाला, आणि जरा हसला. त्या सकाळचं ते पहिलं हसू.

सवय म्हणजे काय हे मला ठाऊक होतं, पण ते पुढे सांगते.

*

कुंड लांबून दिसत नाही. ते मला फार नवल वाटलं. डोंगर असता, सुळका असता, तर दोन मैलांवरून खूण पटली असती. इथे गाडी लावली, नारळ-फुलांच्या दुकानांवरून पुढे गेलो, तरी समोर फक्त काळा सपाट कातळ. नदीचं पात्र रुंद आहे, पण त्यात नदी नाही. अलीकडे नगर जिल्हा, आता अहिल्यानगर म्हणायचं, पलीकडे पुणे जिल्हा, आणि मधे नुसता दगड. दोन्ही तीरांवर मळगंगेची देवळं. आणखी पन्नास पावलं चाललो आणि पायाखालची जमीन एकदम फाटली.

खाली खोल चिरेत पाणी होतं. संथ, गडद हिरवं. आणि त्या चिरेच्या दोन्ही बाजूंना, वर, खाली, एकात एक, एकाला लागून, रांजण. शेकडो. काही हंड्याएवढे, काही असे की बैलजोडी आत मावेल. काहींचे काठ अगदी गोल, आत पोट सुटलेलं, तळ निमुळता. कुंभारानं चाकावरून उतरवावेत तसे.

दादा काठापासून हातभर मागे उभा राहिला आणि बराच वेळ काही बोलला नाही.

ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी हे कसं होतं ते सांगायला हवं, कारण ते कळल्याशिवाय तिथे उभं राहण्यातलं निम्मं सुख जातं. हा दगड म्हणजे आपला काळवत्री, बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून लाव्हा वर आला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा लाव्हा. असे थरांवर थर. आजही दख्खनचा जवळपास ५ लाख चौरस किलोमीटर मुलूख या दगडानं झाकलेला आहे. आपले किल्ले, लेणी, देवळं, घराचे जोते, जाती, पाटे-वरवंटे, सगळे त्याचेच. एवढा कठीण दगड पाणी एकटं कोरू शकत नाही. पाणी फक्त हात असतो, हत्यार असतात गोटे.

पुराच्या पाण्यात कातळाच्या एखाद्या चिरेपाशी, एखाद्या उंचवट्याच्या आड भोवरा धरतो. वाहत आलेला एखादा गोटा त्या भोवऱ्यात सापडतो आणि तिथल्या तिथे फिरत राहतो. फिरून फिरून खाली वाटीएवढा खड्डा पडतो. खड्डा पडला की भोवरा तिथे आणखी घट्ट धरतो, मग आणखी गोटे, आणखी वाळू. जात्यात दळतात तसं. पूर ओसरला की काम बंद, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा सुरू. गोटा स्वतःही झिजतो, सुपारीएवढा होतो, संपतो, आणि त्याच्या जागी दुसरा येतो. खळगा मात्र राहतो आणि वाढतो.

शेजारशेजारचे दोन खळगे वाढत गेले की मधली भिंत पातळ होते. मी तिथे एक भिंत पाहिली, भाकरीच्या परातीच्या काठाएवढीच जाड, आणि मधोमध तिला बोटभर भोक पडलेलं. त्याच्या पलीकडच्या जोडीत त्या भोकाची खिडकी झालेली होती. आणखी पुढे खिडकीची कमान, आणि त्याच्याही पुढे वरची कमान कोसळून दोन रांजणांचा एकच लांबट हौद. हौदाला हौद मिळाले की ती मधली खोल चीर. म्हणजे सगळी नदीच रांजणांमधून खाली उतरलेली. आधी, मधे, नंतर, सगळं एका नजरेत. एकाच घरात आजी, आई आणि मुलगी शेजारी शेजारी बसलेल्या दिसाव्यात तसं.

मी काठापासून दूरच्या, वरच्या अंगाच्या एका कोरड्या खळग्यात हात घातला. बाहेरचा कातळ उन्हानं तापायला लागला होता, आत मात्र माठासारखा गार. कडा ओठासारखी बाहेर वळलेली. आतल्या बाजूनं बोटं फिरवली तर वळत वळत खाली जाणाऱ्या पन्हळी हाताला लागत होत्या, पाणी ज्या दिशेनं फिरलं ती दिशा बोटांना कळत होती. काळ्या दगडात पांढरे ठिपके होते, लाव्हा थिजताना आत अडकलेल्या वायूचे बुडबुडे, नंतर स्फटिकांनी भरलेले. ते ठिपकेही दगडाबरोबरच सपाट घासले गेलेले, चाकूनं कापावेत तसे. एकही टोचत नव्हता. तळाशी मूठभर वाळू, चार वाळकी पानं, आणि सात-आठ गोटे. अंड्यासारखे गुळगुळीत.

आणि प्लास्टिकची एक बाटली. हे लिहावंच लागेल. पुढच्या खळग्यात आणखी तीन. एकात फुटलेली काच, जिथे कुणाचंही पोर सहज हात घालेल. ज्या जागी पाण्यानं एवढी निगुतीनं मेहनत केली, तिथे आपण दहा मिनिटं येतो आणि हे टाकून जातो, याचा मला मनापासून राग येतो. मी पिशवीत मावल्या तेवढ्या बाटल्या उचलल्या. दादानं काच रुमालात गुंडाळली.

*

देवळापाशी नारळ विकणाऱ्या एक बाई होत्या, सत्तरीच्या पुढच्या. त्यांनी आमची बाटल्यांची पिशवी पाहिली आणि स्वतःहून म्हणाल्या, "ठेवा इथं ताई, मी लावते वाटंला." मग बसा म्हणाल्या. कुठले, कोण, कुणाच्या घरचे, हे सगळं विचारून झाल्यावर त्यांनी विचारलं, "पावसात आलाय का कधी?"

नाही म्हटलं.

"मग काय बघितलं तुम्ही? पावसात यावा. ह्ये समदं पाण्याखाली. दिसत न्हाई काय, पर ऐकू येतं. आतनं दगडं वाजत्यात. पूर्वी तर रातभर वाजायची. धरणं झाली तसा जोर उतरला."

धरणं म्हणजे कुकडी प्रकल्पाची. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे, अशी पाच. त्यांच्या कालव्यांनीच तर मघाशी पाहिलेली ती हिरवी रेघ ओढली आहे. आवर्तन सुटलं की आमच्याकडच्या माणसाचा जीव खाली पडतो. ते पाणी अडवलं गेलं याचं मला दुःख करता येणार नाही, ज्यांनी हंडा घेऊन दोन दोन कोस चालणारी आजी पाहिली त्यांनी तर नाहीच. पण आतून वाजणारे दगड मी ऐकले नाहीत, आणि त्या बाईंनी ऐकले आहेत, याचा हेवा मात्र वाटला.

मळगंगेची यात्रा चैत्रात. गावच्या बारवेत तेव्हा घागर दिसते अशी श्रद्धा आहे आणि ती पाहायला माणूस मावत नाही, हे त्या सांगत होत्या. दादा एकदम म्हणाला, "इथं सगळं रांजण आणि घागरच आहे का हो?"

बाई म्हणाल्या, "पाण्याचा दुष्काळ असलेल्या मुलखात देव दुसरं काय देनार, बाबा?"

*

आता ती सवय.

गावच्या घरात, आत शिरल्यावर डाव्या हाताला, जमिनीत कमरेएवढा पुरलेला रांजण आहे. पणजोबांच्या वेळचा. वर लाकडी झाकण, झाकणावर उपडा तांब्या. त्यात आडाचं पाणी भरलं जायचं आणि भर वैशाखात ते दात शिवशिवतील असं गार लागायचं. वर्षातून एकदा, पाडव्याच्या आधी, तो रिकामा करून घासायचा. जमिनीत पुरलेला असल्यामुळे उलटा करता येत नसे. म्हणून घरातलं सगळ्यात लहान आणि काटक पोर आत उतरवायचं. ते पोर म्हणजे दादा.

आजी त्याच्या दोन्ही बगलांत हात घालून त्याला अलगद आत सोडायची, राख आणि नारळाच्या शेंडीचा काथ्या हातात द्यायची. तो आत गोल गोल फिरून घासायचा. दहा-बारा मिनिटांनी आतून ओरडायचा, "आजीऽ, झालं!" आणि तो आवाज रांजणातून असा घुमून यायचा की घरात एखादा मोठा बाप्या बोलतोय असं वाटावं. मी धाकटी, पाच-सहा वर्षांनी. माझी पाळी येईपर्यंत आम्ही पुण्याला आलो होतो, त्यामुळे मी त्या रांजणात कधी उतरले नाही. मला हे सगळं आजीच्या सांगण्यातून ठाऊक. दादा स्वतः कधी बोलला नव्हता.

त्या दिवशी देवळाच्या पायरीवर बसून बोलला. म्हणाला, १९७२ साली त्याला उतरवलं तेव्हा रिकामा करायला रांजणात पाणीच नव्हतं. आड आटलेला, आई-वडील दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला. रांजण तसाही कोरडाच, तर घासून घेऊ, पाऊस आला की स्वच्छ असलेला बरा, असं आजी म्हणाली. तो सहा वर्षांचा. आत उतरला आणि घासायचं सोडून तळाशी बसून राहिला. "गार होतं ना," तो म्हणाला. "बाहेर सगळं भाजत होतं, आणि आत गार. वर बघितलं की गोल आभाळ, नि मधेच आजीचं तोंड. मला वाटायचं, इथं कुणी काही करू शकत नाही आपल्याला."

मी पन्नाशी ओलांडली, तो साठीला आला. एवढ्या वर्षांत ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकत होते.

"घर विकल्यावर त्याचं काय होईल?" मी विचारलं. सकाळपासून घर हा शब्द आमच्यापैकी कुणीतरी पहिल्यांदा उच्चारला.

"फरशी घालणार आहेत ते," दादा म्हणाला. "विचारलं मी. भरून घेणार म्हणाले मुरूम टाकून."

"काढून नेता येणार नाही?"

"फुटेल."

*

निघण्याआधी तो पुन्हा कातळावर गेला. मीही मागोमाग. वरच्या अंगाला, पाण्यापासून लांब, एक कोरडा खळगा होता, छातीएवढा खोल. दादा त्याच्या कडेला गुडघे टेकून वाकला. मी त्याचा शर्ट मागून घट्ट धरला. तिथले काठ इतके गुळगुळीत आहेत की पाय सटकला तर धरायला काही सापडत नाही, आणि मधल्या पाण्याची खोली वरून कळत नाही. तिथे जाणाऱ्या प्रत्येकाला माझं हात जोडून सांगणं आहे, पोरांचा हात सोडू नका आणि फोटोसाठी मागे मागे सरकू नका.

दादानं तोंड खळग्यात घातलं आणि साठीतल्या त्याच्या जाड आवाजात म्हणाला, "आजीऽ, झालं!"

दगड मातीसारखा घुमत नाही. आवाज आत फिरला आणि जरा खरखरीत होऊन वर आला. पलीकडे सेल्फी काढणाऱ्या पोरांनी वळून पाहिलं. दादा तसाच वाकून राहिला. मी शर्ट सोडला नाही. त्याची पाठ हलत होती, आणि मी तिच्याकडे न बघता समोरच्या काठावरचं देऊळ बघत राहिले.

उठला तेव्हा त्याच्या हातात तळातला एक गोटा होता. मला वाटलं, नेणार. मलाही एक हवा होता, खरं सांगायचं तर मघाशीच एक पर्समध्ये टाकला होता. दादानं आपला गोटा तळहातावर दोनदा फिरवला, वाकून पुन्हा खळग्यात सोडला. टक्, टक्, असा दोनदा वाजला आणि तळाशी जाऊन थांबला.

"राहू दे," म्हणाला. "पावसाळ्यात लागेल त्याला."

मी पर्स उघडली आणि माझाही आत सोडला.

*

दुपारी निघोजमध्ये पिठलं-भाकरी खाल्ली आणि आडवाटेनं गावाकडे निघालो. वाटेत भरपूर बोललो. किती पैसे कुणी घ्यायचे, आईचा पाटा कुणी न्यायचा, वडिलांच्या डायऱ्यांचं काय करायचं. अवघड वाटत होतं त्यातलं काहीच अवघड निघालं नाही.

घरात शिरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. वीज होती, नळाला पाणी होतं, आड केव्हाच बुजवलेला. दादानं रांजणावरचं झाकण काढलं. आत कोळिष्टकं आणि एक जुना खराटा. बादली, फडकं आणि चुलीतली राख घेऊन आम्ही दोघांनी तो घासला. आता आत उतरणारं कुणी नव्हतं, म्हणून आळीपाळीनं पालथं पडून, खांद्यापर्यंत हात घालून. तळापर्यंत माझा हात पोचत नव्हता, दादाचा पोचत होता. मग नळाखाली बादल्या भरून भरून ओतल्या. बावीस लागल्या. मी मोजल्या.

रात्री बराच वेळ रांजणातून बारीक आवाज येत राहिला. किती वर्षांनी माती पाणी पीत होती.

सकाळी जाग आली तेव्हा दादा दारात उभा राहून तांब्यातल्या पाण्यानं तोंड धूत होता. "ऊठ," म्हणाला, "गार आहे बघ." दुसरा तांब्या त्यानं माझ्यासाठी काठावर भरून ठेवला होता.